कांचनचा हरवलेला महिना

१

बुधवारी सकाळी सुचेताने कार्डांची पेटी उघडली तेव्हा बेचाळीसच्या बेचाळीस कार्डं जागेवर होती, पण एका कार्डावरचा फोटो गायब होता. फाडलेला नव्हता, ओरबाडलेला नव्हता. खळीने डकवलेला तो चौकोन कुणीतरी वाफ देऊन अलगद सोडवून घेतला होता आणि कार्ड पुन्हा नंबरवार आपल्या जागी ठेवून दिलं होतं. चोर असून इतका शिस्तीचा, याचंच मला आधी नवल वाटलं.

कार्ड होतं कांचनचं. सचिवालयात कारकून असलेल्या विश्वासची आणि मनोरमाची ही एकुलती एक मुलगी, वय वर्षं चार.

माझं म्हणाल तर मी लीलावती. नागपूरला मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. छप्पन साली राजधानी नागपुरातून उठली आणि भोपाळला आली. तिच्यामागे सचिवालय आलं, सचिवालयामागे माझा मुलगा, आणि मुलामागे मी. त्याला आता पाच वर्षं होत आली. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात बसून मी काय करणार होते? तेवढ्यात गोविंदपुऱ्यातल्या बालवैभव बिस्किट कंपनीला समाजसेवेची हुक्की आली. आमच्या वस्तीत तिने बालवाडी काढली. मुलांना रोज एक पेला दूध, चार बिस्किटं आणि महिन्यातून एकदा वजन. पेल्यावर कंपनीचं नाव, बिस्किटावर कंपनीचं नाव, मुलांच्या ॲप्रनवर कंपनीचं नाव. कपाळावर छापायचं तेवढं राहिलं होतं. पण दूध खरं होतं आणि मुलं बाळसं धरत होती, म्हणून बिनपगारी देखरेख करायला मी हो म्हटलं.

मनोरमा कांचनला सोडायला आली आणि तिने ते रिकामं कार्ड पाहिलं.

"काकू, लहान मुलाचा फोटो कशाला चोरतात, ठाऊक नाही का तुम्हाला? करणी करायला!"

झालं. दुपारपर्यंत वीस आया आपापली मुलं घेऊन गेल्या. मनोरमाने नावही घेऊन टाकलं. "तो दत्तू. माझ्या पोरीला रोज एक बिस्किट जास्त देतो. कशाला देतो?"

दत्तू कंपनीचा शिपाई. गाडीतून दुधाचे कॅन आणायचा, पेले विसळायचा. बायको नाही, मूल नाही, नागपूरला म्हातारी आई. संध्याकाळी कंपनीचे मॅनेजर सक्सेनासाहेब स्वतः आले.

"माताजी, शनिवार तक चोर का नाम बताइए," ते म्हणाले. "नहीं तो दत्तू को निकालना पड़ेगा. किसी को तो निकालना पड़ेगा, तभी माएँ बच्चे भेजेंगी."

हा न्याय ऐकून मला संताप आला. साहेब गेल्यावर दत्तू दारात उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"बाई, मी कायले घेऊ जी फोटो? चोर म्हणून काढलं तं मायपुढे कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"मग काल बारा वाजता कार्डांच्या खोलीत काय करत होतास? सुचेताने तुला बाहेर येताना पाहिलंय."

दत्तूने मान खाली घातली आणि रिकामे कॅन उचलून तो निघून गेला.

२

सुचेता आमची बालवाडीची शिक्षिका. बावीस वर्षांची, गोड आणि बडबडी. तिचे पणजोबा नवाबाच्या अमदानीत इथे आले, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी हिंदी. गुरुवारी ती माझ्याकडे आली ती कांदाभजी घेऊन. मी बशी बाजूला सारली.

"श्रावण आहे गं माझा."

"अजून? आजी, आमचा तर राखीच्या दिवशीच खतम झाला. आता भादो चालू आहे." ती हसली. "पाँच साल झाली तुम्हाला इथे येऊन. आता महिना तरी बदला!"

तिने थट्टाच केली, पण मला ती लागली. घर सोडलं, धंतोलीतली मैत्रिणींची संध्याकाळ सोडली, आता महिनाही सोडू? पंचांग मी अजून नागपूरहून मागवते आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगते. त्याच्याकडे पाहिलं की घटकाभर मी तिथे असते. नागपूरची आठवण मला रोज येते आणि रोज सारखीच येते, ती कमी होत नाही.

"मंगळवारचं सांग," मी म्हटलं.

सुचेताने सांगितलं ते असं. महिन्याचा पहिला मंगळवार म्हणजे वजनाचा दिवस. कंपनीच्या नर्सबाई, शशिकला, दहाला आल्या. दीड तासात वजनं आटोपली. मग सुचेता मुलांना घेऊन अंगणात गेली. नर्सबाई आतल्या खोलीत कार्डं भरत बसल्या. त्यांच्या स्टोव्हवर चमचे उकळत होते. बाराला दत्तू खोलीत जाऊन आला आणि कॅन घेऊन निघून गेला. साडेबाराला नर्सबाई गेल्या. एकला सुचेताने पेटीला कुलूप लावलं.

"मधे कोणी मूल आत गेलं होतं?"

"पाणी प्यायला जातच असतात. कांचन पण गेली होती." सुचेता थांबली. "हां, एक गोष्ट. ती बाहेर आली तेव्हा तिच्या माथ्यावर कुंकू होतं. दोन तांदूळ पण चिकटले होते. मला वाटलं, घरून आईने लावलं असेल, माझं लक्ष नसेल गेलं."

मी लगेच चपला घातल्या आणि बालवाडी गाठली. आतल्या खोलीत वजनकाट्यामागे बिस्किटाच्या डब्याचं एक झाकण पडलं होतं. त्यावर तुपाचा डाग होता, आणि डागाच्या मधोमध एक जळकी वात.

३

"कुंकू मी नव्हतं लावलं," मनोरमा म्हणाली. "मीच घरी आल्यावर पुसलं. बघा, म्हणजे करणीच!"

"डोकं ठिकाणावर ठेव. कुंकू, अक्षता, तुपाची वात. याला आपल्यात काय म्हणतात?"

"औक्षण," ती हळूच म्हणाली.

"वाईट करणारा माणूस तूप जाळून ओवाळत नाही गं."

मी कांचनला मांडीवर घेतलं आणि कपाळाला कुंकू कुणी लावलं ते विचारलं.

"बाप्पाने," ती म्हणाली. "सांगायचं नाही." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाप्पाच्या या साक्षीदाराकडून आणखी काही निघणार नाही, हे मला कळून चुकलं.

"मनोरमा, मुलांना ओवाळतात ते वाढदिवसाला. हिचा तर होऊन गेला ना?"

"बावीस जुलैला. कंपनीने बिस्किटांचा डबाही दिला होता. कार्डावर तारीख आहे की."

"ती तारीख बरोबर आहे?"

मी सहज विचारलं होतं. पण मनोरमा उठली, कांचनला शेजारी पाठवून आली आणि दार लावून घेतलं. परत बसली ती माझ्याकडे न पाहता.

"काकू, हे कुणाजवळ बोलायचं नाही. कांचनलाही ठाऊक नाही. ती माझ्या पोटची नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सत्तावन्नच्या दिवाळीत नागपूरच्या एका अनाथाश्रमातून आणली. सांभाळणाऱ्या बाईंनी हातात एक चिठ्ठी दिली, तीवर नुसती तिथी होती. इथे आल्यावर ह्यांनी ती चौकातल्या पंडितजींना नेऊन दिली. त्यांनी पत्रिका केली आणि इंग्रजी तारीखही काढून दिली."

"तिथी कोणती?"

"श्रावण वद्य दशमी."

मी तिचा हात दाबला आणि जवळजवळ धावतच घरी आले. खिळ्यावरचं पंचांग काढलं, चष्मा पुसला, मंगळवारवर बोट ठेवलं. ज्या दिवशी फोटो गेला, ज्या दिवशी कांचनला कुणीतरी ओवाळलं, त्या मंगळवारी श्रावण वद्य दशमी होती.

४

आता इथली गंमत सांगते. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, इकडे उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं. पण पौर्णिमा उलटली की आमचा श्रावण अर्धा उरलेला असतो आणि सुचेताच्या घरी भाद्रपद लागतो. म्हणजे इथले लोक ज्याला श्रावणाचा वद्य पक्ष म्हणतात, तो आपल्या श्रावणाच्याही आधी येऊन जातो. नागपूरची चिठ्ठी पंडितजींनी भोपाळच्या पंचांगात पाहिली आणि प्रामाणिकपणे तारीख काढली बावीस जुलै. खरी होती ऑगस्टातली. आपलं गाव सोडून आलेल्या माणसांच्याच हातून व्हावी अशी ही चूक. पोरीच्या वयात एक महिना फुकटचा भरला गेला आणि तिच्या आईबापांना पत्ताही नव्हता.

मग मंगळवारी ओवाळणाऱ्याला खरा दिवस कुठून ठाऊक? मनोरमाला ठाऊक नाही, विश्वासला नाही, कार्डावर नाही. जी व्यक्ती त्या जन्माच्या वेळी जवळपास होती, तिलाच तो ठाऊक असणार. आणि ती मराठी पंचांगाने चालणारी असणार.

खोलीत जाणारे तिघं. सुचेताचा श्रावण राखीलाच संपला होता, शिवाय ती जन्मात नागपूरला गेलेली नाही. राहिले दत्तू आणि नर्सबाई.

शुक्रवारी मी दत्तूला समोर बसवलं. "नोकरी जाईल तुझी. खोलीत कशाला गेला होतास?"

मग त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वीतभर लांबीचा लाकडी बैल, चार चाकांचा, अजून रंग न दिलेला.

"उद्या पोळा, परवा तान्हा पोळा," तो म्हणाला. "इथल्या पोरायले नंदी मालूम नाही जी. कांचनसाठी बनवला. तिथं काट्याजवळच्या कपाटामागं लपवून ठेवत होतो. तिच्या आईले आवडत नाही मी काही दिलेलं, म्हणून बोललो नाही."

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात. माझ्या डोळ्यांपुढे आमची गल्ली उभी राहिली.

दत्तूचं म्हणणं मला खरं वाटलं. पण वाटण्याने सक्सेनासाहेबांचं समाधान झालं नसतं, म्हणून मी कार्डांची पेटी मागवली. प्रत्येक कार्डावर दर महिन्याला वजनाशेजारी नर्सबाई मुलाचं वय लिहितात, महिन्यांत. मी जुनी मास्तरीण, बेचाळीस कार्डांची जन्मतारखेवरून बेरीज-वजाबाकी करत बसले. एकेचाळीस मुलांची वयं बिनचूक. कांचनची चूक. ऑगस्टात हवे होते अठ्ठेचाळीस, लिहिले होते सत्तेचाळीस. सप्टेंबरात एकोणपन्नासऐवजी अठ्ठेचाळीस. जानेवारीपासून नऊ नोंदी, आणि नऊच्या नऊ ठिकाणी बरोबर एक महिना कमी.

जी बाई एकेचाळीस पोरांच्या वयात एकदाही चुकत नाही, ती एकाच पोरीच्या वयात नऊदा चुकत नाही. ती कार्डावरची तारीख बघतच नव्हती. त्या पोरीचं वय तिला तोंडपाठ होतं.

५

गोविंदपुऱ्यात कंपनीच्या फाटकाजवळ दवाखान्याची एक खोली आहे. शशिकला तिथे एकटी होती. तेवीस-चोवीस वर्षांची, हडकुळी, नीटनेटकी. मी तिच्यापुढे कार्ड ठेवलं आणि सत्तेचाळीसच्या आकड्यावर बोट टेकवलं. तिने आकडा पाहिला, मग मला पाहिलं, आणि उठून खोलीचं दार लोटलं.

"लिहिताना हात वळायचाच नाही," ती म्हणाली. "खोटा महिना लिहवत नव्हता मला."

नवरा गेला तेव्हा तिला एकोणीस पुरी नव्हती आणि दिवस होते. सासरच्यांनी दार लावलं. भावाने आश्रमात ठेवलं आणि मूल झाल्यावर तिच्या वतीने सहीसुद्धा त्यानेच केली. कुणी नेलं हे तिला सांगितलं नाही. भोपाळला बदली झालेला कारकून आहे, एवढंच एका मोलकरणीने कानावर घातलं. पुढे ती नर्सिंग शिकली. शिकून भोपाळला आली, कारण नागपूरचे सगळे कारकून भोपाळलाच गेले होते.

"इस्पितळात जास्त पगार होता," ती म्हणाली. "पण ही कंपनी सगळ्या वस्त्यांमधल्या मुलांची वजनं करते, असं वाचलं. वजनाला मुलं चपला काढतात ना. माझ्या मुलीच्या डाव्या टाचेवर लाल डाग होता. पाच बालवाड्या, दोनशे मुलं. प्रत्येकाची टाच बघितली मी. जानेवारीत सापडली."

"मग नऊ महिने काय केलंस?"

"वजन केलं." ती हसल्यासारखं करून थांबली. "काट्यावर ठेवताना उचलावं लागतं. महिन्यातून दोनदा उचलायला मिळायचं, चढवताना आणि उतरवताना."

मला हुंदका आवरला नाही. मी रडले, आणि ती माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. तिचं रडून झालं असावं.

"आता जबलपूरला बदली केलीय कंपनीने," ती म्हणाली. "मंगळवारचं वजन शेवटचं. नेमकी दशमी आली. एवढं जवळ असून न ओवाळता कशी जाऊ? आणि फोटो... दुसरं काही नव्हतं हो माझ्याजवळ."

"दत्तूची नोकरी जातेय उद्या."

तिला ते माहीतच नव्हतं. ती एकदम उभी राहिली. "मी साहेबांना लिहून देते. फोटो मी घेतला म्हणून."

"साहेब कारण विचारतील. काहीतरी सांगता येईल. वाफेने खराब झाला, फेकून दिला. मीही हो म्हणेन." मी म्हटलं. खोटं बोलायची माझी तयारी होती, अगदी मनापासून. "पण मनोरमाचं काय? ती माउली दोन रात्री झोपलेली नाही. आपल्या लेकरावर कुणीतरी करणी करतंय, असं धरून बसली आहे."

शशिकला खिडकीशी गेली.

"तिलाही मीच सांगते," ती म्हणाली. "मग ती माझं तोंडही बघणार नाही. मुलीला पुन्हा कधी..."

६

शनिवारी सक्सेनासाहेबांना चिठ्ठी मिळाली. फोटो वाफेने खराब झाला, चूक नर्सची, दत्तूचा संबंध नाही. साहेबांनी शशिकलेचा आठ दिवसांचा पगार कापला आणि बेचाळीस आयांना बिस्किटाचा एकेक पुडा पाठवून प्रकरण मिटवलं. दत्तू कॅन घेऊन नेहमीसारखा आला आणि माझ्या पाया पडला.

दुपारी मनोरमा कांचनला कडेवर घेऊन बालवाडीत आली. मी बोलावलं होतं. आत शशिकला उभी होती. मी दार लावून घेतलं. निघून जावं असं वाटलं, पण दोघींनीही मला नजरेने थांबवलं.

शशिकलेने काहीही न लपवता सांगितलं. मुलीपुढे बोलायचं म्हणून नावं न घेता, हळू आवाजात. मनोरमाचे हात कांचनभोवती आवळत गेले, इतके की पोर चुळबुळ करू लागली.

"न्यायला आलात तुम्ही तिला," मनोरमा म्हणाली.

"नाही. बघायला आले होते. परवा जातेय."

शशिकलेने पर्समधून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. मनोरमाने तो उचलला. मला वाटलं, ही आता तो फाडते की काय. तिने तो उलटसुलट पाहिला आणि परत टेबलावर, शशिकलेच्या बाजूला सरकवला.

"पत्र लिहू नका," ती म्हणाली. "येऊही नका. मला सोसणार नाही ते. मी इतकी मोठ्या मनाची नाही."

शशिकलेने मान हलवली. मनोरमा दाराकडे वळली. मी कडी काढली. उंबऱ्याशी ती थांबली, पण मागे वळून पाहिलं नाही.

"वेळ कोणती होती?" तिने विचारलं.

"काय?"

"चिठ्ठीत नुसती तिथी होती. पंडितजींनी वेळ विचारली तेव्हा ह्यांनी मनानेच सांगितली. मला कुणी विचारलं की मी दरवेळी वेगळी सांगते. आई असून ठाऊक नाही मला."

"पहाटे," शशिकला म्हणाली. "साडेचारचा ठोका पडला होता."

"लगेच रडली?"

"नाही. बराच वेळ गप्प होती. बाई घाबरल्या, उलटी धरली, पाठीवर थापटलं. मग एकदम मोठ्यांदा रडली."

मनोरमा वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"अजून तसंच करते," ती म्हणाली. "पडली, लागलं, की आधी नुसती बघत बसते. मला वाटतं लागलंच नाही. मग रडते."

शशिकला ते ऐकत राहिली. मनोरमा आणखी जरा वेळ थांबली आणि मुलीला घेऊन घरी गेली.